वाचून दाखवणाऱ्याची तयारी

‘पाडस’ ही कादंबरी मुलांना कितव्या वर्षी वाचून दाखवावी, हा प्रश्न वाचणाऱ्या घरांमधले आईबाप एकत्र आले की हमखास निघतो आणि दर वेळी त्याच दोन बाजू उभ्या राहतात. एक बाजू म्हणते, शेवट फार क्रूर आहे, पोर रात्रभर रडेल, तेरा-चौदा वर्षांपर्यंत नावही काढू नका. दुसरी म्हणते, आम्ही आठव्या वर्षी वाचलं, आम्हाला काय झालं? मग कुणीतरी गाडी ‘श्यामची आई’कडे वळवतं आणि तिथेही तेच: इतकं रडकं पुस्तक आजच्या मुलांना कशाला, आणि हे पुस्तक न ऐकता मराठी घरातलं मूल मोठं होतंच कसं. शेवटी कुणीतरी ‘दहा वर्षं’ असा आकडा टाकतं. तो दोघांच्या मधला असतो, म्हणून सगळ्यांना पटल्यासारखा होतो आणि विषय संपतो.

मुलांच्या आयुष्यातला इतका मोलाचा निर्णय असा तडजोडीने उरकला जातो याचं मला वाईट वाटतं. अवघड कादंबरी मोठ्याने वाचून दाखवायची वेळ झाली आहे की नाही, हे ठरवताना मुलाचं वय हा सगळ्यात कमी कामाचा तपशील आहे. बघायच्या गोष्टी दोनच. मूल काल ऐकलेलं आज धरून ठेवतं का, आणि वाचणारा मोठा माणूस मध्येच थांबायला, प्रश्न ऐकायला, उत्तर येत नसेल तर तसं कबूल करायला तयार आहे का? दुसरी अट पहिलीपेक्षा जड आहे. बहुतेक घरांत घोडं अडतं ते तिथेच, आणि आपण मात्र त्याचं खापर मुलाच्या कोवळेपणावर फोडतो.

‘पाडस’चंच उदाहरण पुढे नेऊ. मार्जोरी किनन रॉलिंग्ज या अमेरिकन लेखिकेची ही कादंबरी 1938 साली आली, 1939 साली तिला पुलित्झर मिळालं. मराठीत ती राम पटवर्धनांनी आणली आणि आपल्याकडे ती परक्या देशातली गोष्ट राहिली नाही. फ्लॉरिडाच्या रानात राहणारं गरीब शेतकरी कुटुंब, बारा वर्षांचा ज्योडी, त्याने वाढवलेलं हरणाचं पिल्लू. पिल्लू मोठं होतं, उगवतं पीक पुन्हा पुन्हा खाऊन टाकतं, आणि घर जगवायचं तर त्याला मारण्यावाचून उपाय उरत नाही. बाप अंथरुणाला खिळलेला. आईने झाडलेल्या गोळीने ते मरत नाही, नुसतं घायाळ होतं. शेवटची गोळी ज्योडीला घालावी लागते.

वाद घालणारे सगळे याच पानावर बोट ठेवतात. पण हे पान पुस्तकाच्या अगदी शेवटी येतं. त्याआधी शेकडो पानं आहेत आणि त्यांतली बरीच संथ आहेत. शिकारीचे माग, अस्वलाचा पाठलाग, मक्याची मशागत, घरातली भांडणं, शेजाऱ्यांशी चाललेली देवघेव. ज्या मुलाला हा संथपणा झेपत नाही ते शेवटापर्यंत पोचतच नाही. पंधराव्या-विसाव्या पानावरच ते लोळायला लागतं, उशीचं टोक चघळायला लागतं, आणि वाचणाऱ्याला कळतं की अजून वेळ आहे. पुस्तक स्वतःच आपला श्रोता निवडून घेतं. जे मूल तिथवर टिकतं ते ज्योडीच्या घरात कित्येक आठवडे राहून आलेलं असतं. त्या मुलाला शेवट ऐकू द्यायचा की नाही हा प्रश्न, आणि कुठल्याही अनोळखी मुलाला गोळी घातल्याचं वर्णन ऐकवायचं की नाही हा प्रश्न, हे दोन्ही एकच आहेत का? वादात मात्र ते एकच धरले जातात.

शिवाय ही कादंबरी मध्यावरच एक मरण दाखवते. फॉडरविंग नावाचा ज्योडीचा अपंग, प्राणीवेडा मित्र आजारी पडून जातो. ज्योडी त्याला पिल्लू दाखवायला म्हणून आलेला असतो, आणि मित्राने मरण्याआधी पिल्लासाठी सुचवलेलं नाव त्याला नंतर दुसऱ्याकडून कळतं. वाचून दाखवणाऱ्याने खरी परीक्षा इथे घ्यावी. मूल गप्प झालं आणि दुसऱ्या दिवशी आपण होऊन पुस्तक घेऊन आलं, तर पुढे जायला हरकत नाही. दोन-तीन दिवस ते टाळाटाळ करायला लागलं, झोपताना दिवा चालू ठेवा म्हणालं, तर पुस्तक बाजूला ठेवावं, वर्षभराने काढावं. इतकी स्पष्ट खूण पुस्तकातच असताना मलपृष्ठावरचा आकडा कशाला शोधायचा?

एका नऊ वर्षांच्या मुलीला मी हे पुस्तक वाचून दाखवत होते. ज्योडीच्या बापाला विषारी साप चावतो आणि विष ओढून घ्यायला तो समोर आलेली हरिणी मारून तिचं काळीज जखमेवर लावतो, तो प्रसंग चालू होता. त्या हरिणीचंच पिल्लू पुढे ज्योडी घरी आणतो. मुलीने माझा हात धरून वाचन थांबवलं आणि विचारलं, “पिल्लाला कधी कळेल का, याच्या बाबांनीच त्याच्या आईला मारलंय ते?” मला उत्तर देता आलं नाही. पण तिच्या तयारीबद्दल नंतर शंका उरली नाही. साऱ्या कादंबरीचा भार ज्या एका गोष्टीवर आहे, तिच्यावर तिने नेमकं बोट ठेवलं होतं: जगायला दुसऱ्याचा जीव घ्यावा लागतो आणि ते देणं कधी फिटत नाही. हेच पुस्तक ऐकणारा एक बारा वर्षांचा मुलगा, वर्गात वाचनात पहिला, सारखं एकच विचारायचा: “शेवटी मरतं का ते, एवढं सांगा ना आधी.” तो घाबरला होता, आणि त्याला तसं म्हणता येत नव्हतं. वयाचा तक्ता लावला असता तर तो आत आणि ती बाहेर राहिली असती.

आता विरुद्ध बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा. माझ्या मते तो ‘मुलं कोवळी असतात’ हा नव्हे, हा आहे: एकटं वाचणारं मूल पुस्तक मिटू शकतं, पानं गाळू शकतं, शेवट आधी बघू शकतं. ऐकणारं मूल हे काहीच करू शकत नाही. वेग मोठ्याच्या हातात, पान मोठ्याच्या हातात, आणि प्रिय माणसाच्या कुशीतून ‘मला नको’ म्हणून उठणं पुष्कळ मुलांना जमत नाही. बाबांना हे पुस्तक किती आवडतं ते त्यांना दिसत असतं. बाबांचा हिरमोड होऊ नये म्हणूनही मुलं ऐकत राहतात. ‘आम्ही आठव्या वर्षी वाचलं, काही झालं नाही’ म्हणणाऱ्यांनी याचा विचार केलेला नसतो. त्यांनी बहुधा ते पुस्तक माळ्यावर किंवा लायब्ररीत एकट्याने वाचलेलं असतं, नको ते वगळत, हवं तिथे रेंगाळत. आणि ज्यांना काही झालं ते असल्या गप्पांत सांगायला येत नाहीत.

हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. पण त्यातून वाचून दाखवू नका असं निघत नाही. ऐकणाऱ्याला थांबवण्याचा हक्क द्या, आणि तो पहिल्या पानाच्या आधी द्या, एवढंच निघतं. सुरुवातीलाच सांगावं की या गोष्टीत दुःख आहे, एक जीव जातो, तुला कधीही ‘आज नको’ म्हणता येईल आणि मी का म्हणून विचारणार नाही. तेवढ्याने रहस्य फुटत असेल तर फुटू द्या. ज्या कादंबरीचा जीव नुसत्या शेवटच्या धक्क्यात आहे, ती महिनाभर वाचून दाखवायच्या लायकीची नाही.

आणि वाचून दाखवण्यात एकट्या वाचनापेक्षा एक मोठी सोय आहेच. प्राथमिक शाळेच्या वयात मुलांची ऐकून समजण्याची ताकद वाचून समजण्याच्या ताकदीच्या बरीच पुढे असते. अक्षरं जुळवण्यात शक्ती खर्च होत नाही, म्हणून लांब वाक्य, जुनी बोली, गुंतागुंतीचं नातं मुलं कानाने पेलतात. आपल्याकडे हे आणखी खरं आहे. मराठी घरांतली कितीतरी मुलं आज इंग्रजी माध्यमात शिकतात. ती मराठी बोलतात सफाईने, वाचतात अडखळत. त्यांनी स्वतः वाचण्याची वाट पाहत बसलो तर चांगलं मराठी गद्य त्यांच्या वाट्याला कधी येणारच नाही. पुणे-मुंबईत ही स्थिती, तर न्यू जर्सीत किंवा सिंगापुरात वाढणाऱ्या मुलांचं काय सांगावं!

‘पूर्वी कुठे वय बघायचे’ असा दाखला नेहमी दिला जातो. तो खरा आहे. श्रीधर कवीचा ‘हरिविजय’ 1702 चा, ‘रामविजय’ 1703 चा, ‘पांडवप्रताप’ 1712 चा. पुढची दोनशे वर्षं आणि अधिक काळ चातुर्मासात हे ग्रंथ घरोघरी, देवळादेवळांतून मोठ्याने वाचले गेले. सतरंजीच्या कडेला लहान मुलं असायचीच. अभिमन्यूला घेरून मारलेलं त्यांनी ऐकलं, भरसभेत द्रौपदीची वस्त्रं ओढलेली ऐकली, गरोदर सीतेला रानात सोडलेलं ऐकलं. कुणी ‘वयोगट’ विचारला नाही. पण हा दाखला देणाऱ्यांना मी विचारते: त्याच सतरंजीवर नऊ-दहा वर्षांच्या लग्न झालेल्या मुलीही बसत, आणि केशवपन झालेल्या बालविधवाही मागे अंग चोरून बसत. तेव्हाच्या समाजाला लहानांच्या मनाची फिकीर होती म्हणून तो त्यांना सगळं ऐकू देत होता, असं म्हणायला धीर होतो का? ‘पूर्वी चालायचं’ हा पुरावा इथे लंगडा पडतो.

त्या जुन्या वाचनातून घेण्यासारखं मात्र बरंच आहे. पोथी एका बैठकीत संपत नसे. रोज एक अध्याय. पुराणिक ओव्या वाचून थांबे, अर्थ सांगे, प्रश्न आला तर आडकथा काढे. मूल एकटं नसे. शेजारी आजी असायची, तिच्या डोळ्यांतलं पाणी त्याला दिसायचं आणि अशा जागी मोठी माणसंही रडतात हे कळायचं. पुढच्या वर्षी तोच अध्याय पुन्हा यायचा आणि मूल वर्षभराने मोठं झालेलं असायचं.

‘श्यामची आई’ची रचना याच जातीची आहे, हे तिच्यावर वाद घालणारे विसरतात. साने गुरुजींनी ती 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली आणि प्रकरणांना ‘प्रकरण’ न म्हणता ‘रात्र’ म्हटलं. बेचाळीस रात्री. श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज एक आठवण सांगतो आणि थांबतो. आई जाते ती चाळीसएक रात्रींच्या सहवासानंतर. हे पुस्तक शनिवारी-रविवारी दोन बैठकांत संपवायचं आणि मग मुलांना ते ‘डिप्रेसिंग’ वाटलं म्हणायचं, यात दोष पुस्तकाचा की वाचणाऱ्याचा?

त्यातल्या पोहण्याच्या प्रसंगापाशी मी नेहमी थांबते. श्याम पाण्याला भितो, लपून बसतो, आणि आई त्याला मारत विहिरीवर धाडते. मुलाला कुणी भित्रा म्हटलेलं तिला खपत नाही. आजच्या मुलाला इथे धक्का बसतो, आणि बसायलाच हवा. ‘इतकी चांगली आई मारते कशी?’ हा प्रश्न न येता मूल पुढे गेलं तर ते ऐकत नाहीये असं समजावं. पण किती मोठी माणसं इथे थांबतात? काही जण तो भाग गाळतात, काही जण ‘तेव्हा तसंच असायचं’ म्हणून पुढे सरकतात. दोघेही एकच गोष्ट टाळतात: प्रेम करणारी माणसंही चुकतात, आणि चुकली तरी त्यांचं प्रेम खोटं नसतं, हे मुलाशी बोलणं. पुस्तकातल्या सोवळ्याओवळ्याचं, जातीचं तसंच. ही आई डोक्यावर मोळी चढवता येत नसलेल्या महार म्हातारीला मदत करायला मुलाला पाठवते. पण मदतीनंतर आंघोळीचाही विषय आहेच. नऊ वर्षांच्या मुलाला शिवाशीव म्हणजे काय ते सांगायची आपली तयारी नसते, आणि मग आपण म्हणतो पुस्तक मुलांसाठी जुनं झालं. दलित घरातलं मूल हाच प्रसंग कुठल्या मनाने ऐकेल याचाही विचार वाचणाऱ्याने, विशेषतः वर्गात वाचणाऱ्या शिक्षकाने, आधी केलेला असावा.

मुलांना मरणाबद्दल ऐकवावं का, या प्रश्नाचं इतिहासातलं सगळ्यात कठीण उत्तर यानुश कोर्चाक यांनी दिलं. वॉर्सातले हे ज्यू डॉक्टर, मुलांसाठी लिहिणारे लेखक आणि अनाथालयाचे प्रमुख. जुलै 1942 मध्ये, नाझींनी कोंडलेल्या वस्तीत, त्यांच्या अनाथालयातल्या मुलांनी रवींद्रनाथांचं ‘डाकघर’ हे नाटक केलं. आजारी अमल खिडकीशी बसून राजाच्या पत्राची वाट पाहतो आणि शेवटी चिरनिद्रा घेतो, असं ते नाटक. मुलांना मरणाला शांतपणे सामोरं जाता यावं म्हणून ते निवडलं, असं कोर्चाकांनी सांगितल्याचं म्हटलं जातं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्या सुमारे दोनशे मुलांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेण्यात आलं आणि स्वतःचा जीव वाचवण्याची संधी नाकारून कोर्चाक त्यांच्याबरोबर गेले. त्या परिस्थितीवरून आपल्या दिवाणखान्यांसाठी नियम काढणं बरोबर नाही, हे मला कळतं. पण मुलांना जपणं म्हणजे त्यांच्यापासून लपवणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी या माणसाचा विचार जरूर करावा. त्याच्याइतकं मुलांना जपलेली माणसं विसाव्या शतकात फार नाहीत.

वयाच्या आकड्याची बाजू घेणारे एक व्यवहाराची गोष्ट सांगतात आणि तिच्यात तथ्य आहे. दुकानात भाचीसाठी पुस्तक घ्यायला गेलेल्या मामाला काहीतरी अंदाज हवा असतो. 2008 साली ब्रिटनमध्ये प्रकाशकांनी मुलांच्या पुस्तकांवर वयोगट छापायचं ठरवलं तेव्हा हाच युक्तिवाद होता. फिलिप पुलमन यांच्यासह अनेक लेखकांनी त्याला कडाडून विरोध केला. अकरा वर्षांच्या, हळू वाचणाऱ्या मुलाने ‘सात वर्षांपुढे’ असं लिहिलेलं पुस्तक मित्रांसमोर उघडायचं कसं, हा त्यांचा सवाल होता. मी त्यात एवढीच भर घालेन: मामाला आकडा लागतो कारण तो भाचीच्या शेजारी बसून वाचणार नसतो. जो बसणार आहे त्याला आकड्याची गरज नाही.

वर्गाची अडचण वेगळी आणि जास्त खरी आहे. चाळीस मुलं, पस्तीस मिनिटांचा तास, कुणाच्या घरी नुकताच कुणी गेलेला, कुणाच्या घरी सावकाराचा नाही तर बँकेचा माणूस दारात येऊन बसतो. प्रत्येकासाठी थांबता येत नाही. इथे मी घरापेक्षा सावध राहीन. पुस्तक एक-दोन वर्षं उशिरा घेईन, कठीण प्रसंग सुट्टीच्या आदल्या दिवशी वाचणार नाही, आणि ज्याला ऐकायचं नाही त्याने मागे चित्र काढत बसावं याला कुणी हसणार नाही अशी व्यवस्था आधी करेन. एवढं करूनही वर्गात वाचावंच. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन येतो, मुलांच्या हातात पुस्तकं दिली जातात, फोटो निघतात. त्या दिवसापासून शिक्षकाने रोज दहा मिनिटं एक मोठी कादंबरी वाचायला घेतली तर मार्चपर्यंत ती सहज संपते, आणि ज्या घरांत एकही पुस्तक नाही त्या घरातलं मूलही तिच्यात सगळ्यांच्या बरोबरीने असतं.

स्पष्ट ‘नाही’ कधी म्हणावं? घरात ताजं दुःख असेल तर नाही. ज्या मुलाची आई आजारी आहे त्याला ‘श्यामची आई’ ऐकवू नये, मग ते पंधरा वर्षांचं का असेना. लैंगिक अत्याचार ज्या पुस्तकाच्या केंद्रस्थानी आहे ते लहानांना झोपताना ऐकवायचं पुस्तक नव्हे. आणि मोठ्याने स्वतः ते पुस्तक वीस वर्षांत उघडलेलं नसेल तर नाहीच. आठवणीतलं पुस्तक आणि हातातलं पुस्तक यांत फार अंतर पडलेलं असतं. कित्येकांना ‘पाडस’मधलं फक्त पिल्लू आठवतं; उपासमार, सूड, दारू, मारामाऱ्या विसरलेल्या असतात, आणि मुलाच्या शेजारी बसल्यावर ते गडबडतात.

पुष्कळ वडिलांची खरी अडचण मला वेगळीच दिसली आहे. त्यांना मुलासमोर रडायचं नसतं. शेवटच्या प्रकरणांत आवाज फुटेल या भीतीने ते म्हणतात, अजून लहान आहे तो. ही भीती समजण्यासारखी आहे, पण ती मुलाच्या नावावर टाकू नये.

म्हणून ज्यांना येत्या सुट्टीत हे पुस्तक घ्यायचंय त्यांना माझं सांगणं आहे: गोळीचा प्रसंग रात्री झोपताना वाचू नका, सुट्टीच्या सकाळी वाचा. तिथे थांबूही नका. ज्योडी घर सोडून पळतो, उपाशी भटकतो, परत येतो आणि बापाशी बोलतो, तिथपर्यंत त्याच बैठकीत जा. बापाचं ते बोलणं ऐकल्याशिवाय मुलाला उठू देणं अन्यायाचं आहे. आणि त्याआधी एकदा दार लावून ती प्रकरणं एकट्याने, मोठ्याने वाचून बघा. आवाज कुठल्या ओळीवर अडतो ते तेव्हाच कळतं. मुलासमोर वाचताना त्या ओळीआधी थांबा, घोटभर पाणी प्या आणि पुढे वाचा.